पर्सनॅलिटी टेस्ट बघून नोकरी द्यावी का? एमबीटीआय आणि त्यामागचं विज्ञान

इन्स्टाच्या बायोमध्ये, डेटिंग ॲपवर, लिंक्डइनवर हल्ली नावाखाली चार अक्षरं दिसतात, आयएनएफजे, ईएनटीपी, आयएसटीजे वगैरे. हिंजवडी असो नाहीतर ऐरोली, नवीन टीम जमली की एचआरकडून एक लिंक येते, दहा-पंधरा मिनिटं प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि मग स्क्रीनवर येतं की तुम्ही अमुक प्रकारचे आहात, तुमचे गुण हे, तुमची दुखरी बाजू ही. वाचून बऱ्याच जणांना वाटतं की अरे, हे तर अगदी माझंच वर्णन आहे. स्वतःबद्दल विचार करायला एखादं निमित्त मिळत असेल तर त्यात वाईट काहीच नाही. पण तीच अक्षरं बघून कोणाला घ्यायचं, कोणाला टीम लीड करायचं हे कोणी ठरवायला लागलं तर मामला गंभीर आहे, कारण तिथे कोणाच्या तरी पोटापाण्याचा प्रश्न असतो.

ही टेस्ट म्हणजे मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर, सगळे एमबीटीआय म्हणतात ती. (ऑनलाइन फुकट मिळतात त्या बहुतेक तिच्या धर्तीवर बनवलेल्या वेगळ्या टेस्ट असतात, अक्षरं तीच पण प्रश्न वेगळे, हे पण लक्षात ठेवा.) कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स या दोन अमेरिकन बायकांनी ती बनवली. कॅथरिनना माणसांच्या स्वभावाचं जबरदस्त कुतूहल, त्यांनी थोरामोठ्यांची चरित्रं वाचून स्वतःची एक वर्गवारी करायला घेतली होती. मग स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं १९२१ चं 'सायकॉलॉजिकल टाइप्स' हे पुस्तक १९२३ मध्ये इंग्रजीत आलं, ते वाचल्यावर त्यांनी स्वतःचं काम बाजूला ठेवलं आणि युंगच्या मागे लागल्या. प्रत्यक्ष टेस्ट बनवायला घेतली ती इसाबेलनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पुरुष लढाईवर गेलेले, बायका पहिल्यांदाच मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि ऑफिसांत येत होत्या, तर कोणाला कुठलं काम झेपेल, आवडेल हे सांगता आलं पाहिजे हा त्यांचा हेतू. हेतू चांगलाच होता, मनापासूनचा होता. दोघींपैकी कोणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, इसाबेल राज्यशास्त्राच्या पदवीधर, टेस्ट कशी बनवायची आणि आकडेमोड कशी करायची हे त्या फिलाडेल्फियातल्या एका बँकेच्या पर्सोनेल मॅनेजरकडे शिकल्या. पुढे १९६२ मध्ये ईटीएसने, म्हणजे आज जीआरई आणि टोफेल घेणाऱ्या संस्थेनेच, ती संशोधनापुरती प्रकाशित केली, पण तिथल्या संख्याशास्त्र जाणणाऱ्या लोकांनी तेव्हाच शंका काढल्या होत्या. १९७५ नंतर दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि मग कंपन्यांमध्ये पसरली.

आणि खुद्द युंग? त्याने १९३४ मध्ये आपल्या पुस्तकाच्या एका प्रस्तावनेत स्वच्छ लिहून ठेवलंय की माणसांना असे झटपट शिक्के मारत बसणं हा पोरखेळ आहे.

आता टेस्टच्या आत काय आहे ते बघू. चार जोड्या आहेत. अंतर्मुख की बहिर्मुख, समोर दिसणाऱ्या तपशिलावर भर की मनातल्या शक्यतांवर, निर्णय तर्काने की माणसांकडे बघून, आणि सगळं आखून करायचं की ऐनवेळी बघू. प्रत्येक जोडीतलं एक अक्षर तुम्हाला मिळतं, म्हणून एकूण सोळा प्रकार.

खरी गडबड या "एक अक्षर मिळतं" मध्ये आहे. तुमची उत्तरं मोजली की आकडा येतो, आणि त्या आकड्यांच्या मध्ये एक रेघ मारलेली असते, रेघेच्या या बाजूला असलात तर अंतर्मुख, त्या बाजूला असलात तर बहिर्मुख. बोर्डाच्या परीक्षेत ३४ मार्कवाला नापास आणि ३५ वाला मात्र ९५ वाल्याच्या बरोबरीने पास, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की बोर्डात सगळी पोरं काही ३५ च्या आसपास नसतात, आणि इथे मात्र बहुतेक माणसं त्या रेघेच्या जवळपासच असतात. स्वभावाचं कुठलंही अंग मोजलं की आलेख मध्ये फुगीर येतो, दोन्ही टोकांना थोडी माणसं. दोन वेगवेगळे कळप असते तर आलेखाला दोन वशिंडांच्या उंटासारखे दोन उंचवटे दिसले असते, ते दिसत नाहीत. म्हणजे रेघ आपण मारतो, निसर्गाने मारलेली नाही.

याचा परिणाम काय होतो ते गणितानेच बघा. समजा एका जोडीत, महिन्याभराने परत टेस्ट दिली तर तुमचं अक्षर तेच येण्याची शक्यता ८५ टक्के आहे, ऐकायला बरी वाटते. पण चारही अक्षरं तीच यायची तर ०.८५ ला चार वेळा गुणावं लागतं, पहिल्या दोन अक्षरांचे होतात ०.७२, तीनचे ०.६१ आणि चौथ्यानंतर उरतात ०.५२. म्हणजे शंभरातल्या ४८ लोकांचा प्रकार बदलला! आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही, डेव्हिड पिटेंजर या मानसशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून हेच लिहिलं होतं की पाच आठवड्यांच्या अंतराने टेस्ट दिली तरी निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदललेला सापडतो. माणूस बदललेला नसतो, रेघेजवळ उभा असतो म्हणून एखाद्या प्रश्नाचं उत्तर इकडचं तिकडे झालं की पलीकडे जातो.

मग तरीही रिपोर्ट इतका बरोबर का वाटतो? याचं उत्तर १९४८ मध्ये बर्ट्रम फोररने अगदी साध्या प्रयोगातून दिलं. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक पर्सनॅलिटी टेस्ट दिली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याचा "खास" रिपोर्ट ठेवला, आणि म्हणाला तुमच्याशी किती जुळतो याला ० ते ५ मध्ये मार्क द्या. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना एकच कागद दिलेला होता, त्यातली वाक्यं फोररने मुख्यतः स्टॉलवर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं तुम्हाला फार वाटतं, बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून धाकधूक असते, कधी तुम्ही मोकळेपणाने मिसळता तर कधी हात राखून राहता, अशी ती वाक्यं. नीट वाचलंत तर कळेल की कोणालाही लागू पडतील आणि वर थोडी स्तुतीही आहे. एमबीटीआयच्या वर्णनांमध्ये हेच सगळं आहे असं मी म्हणत नाही, तुम्हीच दिलेल्या उत्तरांवर ती आधारलेली असतात, त्यामुळे थोडंफार जुळणारच. पण "वाचून पटलं" हा टेस्ट बरोबर असल्याचा पुरावा नाही, एवढं या प्रयोगातून पक्कं होतं.

स्वभाव मोजताच येत नाही असा याचा अर्थ काढू नका, मोजता येतो आणि बऱ्यापैकी मोजता येतो. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी डिक्शनरीतून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द वेचून काढले, कल्पना अशी की माणसांना जे फरक महत्त्वाचे वाटतात त्यांना भाषेत शब्द असणारच. मग पुढची कित्येक वर्षं कुठले शब्द एकत्र येतात, कुठले नाही, याची आकडेमोड चालली. १९६१ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना पुन्हा पुन्हा पाचच गट सापडले, नंतर गोल्डबर्ग, कोस्टा, मॅक्रे वगैरेंनी ते पक्के केले. त्यालाच बिग फाइव्ह म्हणतात. बहिर्मुखता, मिळून मिसळून वागणं, कामातला काटेकोरपणा आणि नेटाने काम तडीस नेणं, नव्याची ओढ, आणि पाचवं म्हणजे मन किती चटकन अस्वस्थ होतं, काळजी करतं. इथे शिक्का मिळत नाही, शंभरातल्या साधारण साठ जणांपेक्षा तुम्ही जास्त काटेकोर आहात असं काहीतरी मिळतं. मिरवायला हे काही कामाचं नाही, पण माहिती म्हणून खूप जास्त प्रामाणिक आहे. १९८९ मध्ये मॅक्रे आणि कोस्टा यांनी एमबीटीआयचे आकडे बिग फाइव्हच्या शेजारी ठेवून बघितले तर चार जोड्या पाचपैकी चार अंगांशी बऱ्यापैकी जुळल्या, पाचवं अंग, मनाची अस्वस्थता, एमबीटीआयमध्ये नाहीच. ताणाखाली माणूस कसा वागेल हे ज्या गोष्टीवरून थोडंफार सांगता येतं तीच गाळलेली, म्हणून तर तिचा रिपोर्ट सगळ्यांना गोड वाटतो असं माझं मत आहे.

आता नोकरीचं. नोकरीसाठी टेस्ट घ्यायची तर ती पुढच्या कामाबद्दल काही सांगते का हा एकच प्रश्न खरा. यावर अक्षरशः शंभर वर्षांचं संशोधन आहे. बिग फाइव्हपैकी काटेकोरपणा जवळजवळ सगळ्या कामांत थोडा उपयोगी पडतो हे बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये दाखवलं, पण किती थोडा ते बघा. त्याचा कामाशी सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने चालतात याचा आकडा, ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.२ येतो. हे माणसांत मोजून सांगायचं तर, सरासरीपेक्षा जास्त काटेकोर असलेले शंभर जण तुम्ही घेतलेत तर त्यातले ५६ च्या आसपास कामात सरासरीच्या वर निघतील. नाणं उडवून घेतले असते तर ५० निघाले असते. म्हणजे सहा माणसांचा फायदा. मोठ्या भरतीत तोही मोलाचा आहे, पण समोर बसलेल्या एका मुलीला नाही म्हणायला तो आधार पुरतो का? मला वाटतं नाही पुरत.

त्यापेक्षा बऱ्या गोष्टी आहेत आणि त्या महागही नाहीत. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुने सगळे आकडे नव्याने तपासले, त्यात सगळ्यात वर आली ती ठरवून घेतलेली मुलाखत, म्हणजे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, कामाशी संबंधित, आणि उत्तरांना मार्क कसे द्यायचे ते आधीच लिहून ठेवलेलं. तिचा सहसंबंध ०.४२, वरच्या हिशोबाने शंभरात ६४. कामाची माहिती तपासणारी परीक्षा ०.४०, प्रत्यक्ष कामाचा तुकडा करून घेणं ०.३३. आणि आपल्याकडे चालते तशी "जरा स्वतःबद्दल सांगा" वाली गप्पांची मुलाखत? ०.१९, म्हणजे काटेकोरपणाच्या प्रश्नावलीइतकीच. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणं तर १९९८ च्या अशाच एका मोठ्या आढाव्यात ०.०२ वर होतं, म्हणजे शून्यच समजा.

शिवाय नोकरीसाठी टेस्ट देताना माणूस खरं उत्तर देईलच कशाला? "मी हातात घेतलेलं काम वेळेत पूर्ण करतो" याला नाही म्हणणारा उमेदवार शोधून सापडायचा नाही, आणि त्यात त्याची काही चूक पण नाही, घरी ईएमआय आहे. एमबीटीआयचे प्रकाशक स्वतःच सांगतात की ही टेस्ट भरतीसाठी वापरू नका, ती त्यासाठी नाही. प्रकाशकच नको म्हणतोय तरी वापरली जाते, याचा मला खरंच राग येतो. अमेरिकेत तर एका वेगळ्या टेस्टवरून कोर्टबाजी झाली, एमएमपीआय ही मुळात मानसिक आजार ओळखायला मिनेसोटा विद्यापीठात बनवलेली प्रश्नावली एका कंपनीने प्रमोशनसाठी वापरली, आणि २००५ मध्ये अपील कोर्टाने ही वैद्यकीय तपासणीच आहे, अशी वापरता येणार नाही असा निकाल दिला.

आपल्याकडे स्वभाव बघून निवड करण्याचं सगळ्यात जुनं आणि गंभीर उदाहरण म्हणजे सैन्याचं एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणारं मंडळ. संभाजीनगरच्या एसपीआयमध्ये, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्याची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेत, तयारी केलेली किंवा एनडीएचं स्वप्न बघणारी पोरं हे सगळं तोंडपाठ सांगतील, चित्र बघून गोष्ट लिहायची, एका शब्दावर मनात येईल ते वाक्य लिहायचं, प्रसंग वाचून काय कराल ते लिहायचं, शिवाय मैदानावरची गटातली कामं आणि मुलाखत, असे पाच दिवस. चित्रावरून गोष्ट या पद्धतीच्या अचूकतेवर मानसशास्त्रज्ञांमध्ये वाद आहेतच, आणि क्लासवाले गोष्टी घोकून घेतात तो भाग वेगळा. पण तिथे मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावरचा अधिकारी असे तिघं जण स्वतंत्रपणे बघतात आणि माणसाला प्रत्यक्ष काहीतरी करताना बघतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका लिंकवरच्या टिकमार्कांशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. डीएमआयटी नावाचा प्रकार शाळांमधून, क्लासेसमधून विकला जातो, मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी, स्वभाव आणि करिअर सांगतात. याला कसलाही वैज्ञानिक आधार नाही, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही तसं स्पष्ट केलंय. कृपा करून यावर पैसे घालवू नका. ज्ञान प्रबोधिनीसारख्या ठिकाणी प्रशिक्षित लोकांकडून होणारी अभिक्षमता चाचणी ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

आणि स्वतःला समजून घ्यायचं असेल तर? बिग फाइव्हचे प्रश्न आयपीआयपी नावाच्या खुल्या संग्रहात फुकट आहेत, १२० प्रश्नांची आवृत्ती चांगली आहे, फक्त ती इंग्रजीत भरायची तयारी ठेवा. एक करा, तीच प्रश्नावली नवऱ्याला, बायकोला किंवा जुन्या मित्राला तुमच्याबद्दल भरायला सांगा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. सिमिन वझीर यांच्या २०१० च्या संशोधनात दिसलं होतं की आतली धाकधूक आपली आपल्यालाच जास्त बरोबर कळते, पण आपण किती हुशार, किती कल्पक हे मित्रांना आपल्यापेक्षा बरं सांगता येतं. जिथे दोन उत्तरं जुळत नाहीत तिथे बोलण्यासारखं काहीतरी नक्की सापडेल.

आणि ही उत्तरं कायमची नसतात. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्षानुवर्षं चाललेले कितीतरी अभ्यास एकत्र केले, त्यात विशी ते चाळिशीच्या दरम्यान लोक सरासरीने जास्त काटेकोर आणि मनाने जास्त स्थिर होत गेलेले दिसले. म्हणून कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी एकविसाव्या वर्षी भरून घेतलेला रिपोर्ट एचआरच्या फाइलमध्ये पडून असेल तर तो पाच वर्षांनी प्रमोशनच्या वेळी बाहेर काढू नये, आणि कोणी काढला तर का काढला असं तुम्ही विचारायला हरकत नाही.