मुंबई–न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती आणि निघायचं कोणत्या रात्री?

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांचा आम्हाला हमखास फोन येतो: "तिकिटावर पहाटे २ ला निघून सकाळी ८ ला पोचतं असं लिहिलंय. म्हणजे सहाच तास?"

सहा नव्हे, साडेपंधरा. मुंबई–न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची आणि पोचण्याची न्यूयॉर्कची असते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबर ते मार्च साडेदहा तास. येताना उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, त्यामुळे तास-दीड तास वाचतो. विमान उत्तरेला का वळतं, असंही विचारतात. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो नॉर्वे आणि आइसलंडवरून जातो. जवळची वाट तीच. प्रत्यक्ष मार्ग मात्र वारा आणि कोणत्या देशाची हवाई हद्द खुली आहे, यावर बदलतो.

आता खरी अडचण. ती तारखेची आहे.

मुंबईहून पश्चिमेकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ०२:००' असेल तर ती १४ ची रात्र उलटल्यावरची पहाट. १५ ला दिवसभर बॅगा भरून रात्री विमानतळावर गेलात, तर विमान त्याच दिवशी पहाटे गेलेलं असतं. मग नवं तिकीट, वाढीव भाडं, आणि तिकडे मुलाने घेतलेली रजा वाया. पुण्याहून जाणाऱ्यांनी १४ लाच संध्याकाळी सहाच्या सुमारास घर सोडावं. विमानतळावर तीन तास आधी पोचायचंच आहे, आणि घाटात गाडी अडकली तर हाताशी वेळ हवा.

म्हणूनच आमच्या प्रत्येक तिकिटासोबत मराठीत एक चिठ्ठी असते: 'सोमवार १४, संध्याकाळी ६, घरातून निघणे.' आदल्या दिवशी आम्ही फोनही करतो. काहींना तो जाच वाटतो, पण आम्ही तो बंद करणार नाही. आमचं सेवाशुल्क याच कामाचं आहे.

परतीच्या तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे '+१' दिसलं तर मुंबईत दुसऱ्या दिवशी उतरणार. न्यायला येणाऱ्यांना तीच तारीख कळवा.

वाटेत विमान बदलायचं असेल तर मध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट आम्ही ज्येष्ठांना सुचवत नाही, ते स्वस्त असलं तरी. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घेतो, म्हणजे पहिल्याला उशीर झाला तरी पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, तिची नोंद आम्ही तिकिटातच करून देतो.

तिकीट दुसरीकडून काढलं असेल तरी घेऊन या. तारीख आणि वेळ समजावून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही.