शाळेच्या अंगणातला पाऊस

सप्टेंबरात जोराची सर आली की मराठवाड्यातल्या मोबाईलवर एकच बातमी फिरते: ‘आमच्याकडे ढगफुटी!’ साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ती ढगफुटी. आपल्या शिवारात किती पडला, हे मात्र कुणीच मोजलेलं नसतं. महसूल मंडळाचं एक यंत्र कित्येक गावांसाठी असतं, आणि वळीव तर धुऱ्याच्या अलीकडे कोसळतो नि पलीकडे धूळच राहते. पंचांग मात्र नक्षत्राचं वाहन सगळ्या मुलखाला एकच देतं. त्यावरून आपल्या शेतातला पाऊस कळणं शक्यच नाही. हे मोजमाप गावच्या शाळेनं करावं.

2 लिटरची सरळ अंगाची बाटली जिथं निमुळती व्हायला लागते तिथं कापा. वरचा तुकडा बूच काढून उलटा आत बसवा, काठाला काठ जुळवा, चिकटपट्टी लावा. हे नरसाळं नसेल तर ऊन पडताच साठलेलं पाणी उडू लागतं. बाटलीवर मोजपट्टी चिकटवू नका. तळाच्या खळग्यांमुळे सुरुवातीचे आकडे हमखास चुकतात. पाणी बाहेर काढून 10 मिलीच्या सिरिंजनं मोजा.

आता मिलींचे मिलिमीटर. 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी सारखं पसरलं तर थर 1 मिमीचा होतो. बाटलीच्या तोंडाला दोरा गुंडाळा. परीघ 34.5 सेंमी भरला तर 3.14 नं भागून व्यास 11 सेंमी, क्षेत्रफळ 95 चौरस सेंमी. म्हणजे 9.5 मिलीला 1 मिमी. 190 मिली निघालं तर पाऊस 20 मिमी. व्यास 11 ऐवजी 11.5 धरला तर उत्तर 8-9 टक्क्यांनी चुकतं, कारण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. कात्रीनं तोंड लंबगोल झालं तरी तीच गत.

काठ जमिनीपासून 30 सेंमीवर ठेवा. त्याहून खाली ठेवला तर चिखलाचे शिंतोडे आत येतात. गच्चीवर ठेवला तर वारा भांड्याला अडून काठावरून वर उसळतो आणि बारीक थेंब तोंडावरून पलीकडे घेऊन जातो. पाऊस कमी दिसतो. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. चारी बाजूंनी विटा लावा.

हवामान खात्याची नोंद सकाळी 8:30 ची असते आणि ती आदल्या 24 तासांची. मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या रकान्यात जातो. शाळा उशिरा भरते, म्हणून जवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावा. पाऊस नसेल तर 0 लिहा. मोजलंच नसेल तर रेघ ओढा. रविवार चुकला तर सोमवारी ‘2 दिवसांची बेरीज’ असं स्पष्ट लिहा.

वही जमली की ग्लोब या शालेय उपक्रमाकडे वळता येईल. 1995 पासून अनेक देशांतली मुलं त्यात निरीक्षणं नोंदवतात, भारत 2000 पासून आहे. त्यांची वेळ मात्र सूर्य माथ्यावर येण्याच्या आसपासची. आपल्या घड्याळात ती साधारण 12:30. त्यामुळे दोन्ही नोंदींची वही वेगळी ठेवा.

आणि सकाळी बाटलीतून 618 मिली किंवा त्याहून जास्त पाणी निघालं तर तो 65 मिमीच्या वरचा पाऊस, म्हणजे अतिवृष्टी. आकडा फळ्यावर लिहा, शेजारी मंडळाचा आकडा लिहा, आणि फरक किती ते मुलांना काढू द्या.