सौरकंपनविज्ञान

सूर्याच्या पृष्ठभागावर अखंड चालणाऱ्या आंदोलनांवरून त्याच्या अंतर्भागाची रचना, परिवलन आणि चुंबकीय घडामोडी यांचा वेध घेणारी खगोलभौतिकीची शाखा. हेलिओसिस्मॉलॉजी या नावानेही ती ओळखली जाते.

मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर आठवडी बाजारात माठ घेणारी बाई तो बोटाच्या पेराने वाजवून पाहते; खणखणीत वाजला तर भाजणी पक्की, बद्द वाजला तर कुठेतरी चीर, हे तिला माठ न फोडता कळते. या शाखेची पद्धत मुळात हीच आहे. नावातल्या ‘कंपना’मुळे सुचणारी भूकंपाची उपमा मात्र बेतानेच घ्यावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झाला तसा भूकंप एका जागी, एका क्षणी होतो. सूर्याच्या वरच्या थरांतील वायू आधणासारखा सतत खळखळत असल्यामुळे तेथे ध्वनिलहरी सदैव निर्माण होत राहतात.

पृष्ठभागाचे भाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होतात, हे १९६० मध्ये रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. ही आंदोलने म्हणजे सूर्याच्या आत कोंडलेल्या ध्वनिलहरी असाव्यात, असे रॉजर उलरिच यांनी १९७० मध्ये मांडले आणि १९७५ मध्ये फ्रान्झ डॉयबनर यांच्या निरीक्षणांनी त्याला दुजोरा दिला. आत जावे तसे तापमान वाढते, त्याबरोबर ध्वनीचा वेगही वाढतो, त्यामुळे खाली निघालेली लहर वळत वळत पुन्हा वर येते आणि पृष्ठभागाजवळ घनता एकदम घटत असल्याने तेथून परत आत फिरते. काही लहरी उथळ थरांतच घोटाळतात, तर काही गाभ्यापर्यंत पोचतात. म्हणून वेगवेगळ्या लहरींच्या वारंवारता ताडून पाहिल्या की थराथराची माहिती वेगळी काढता येते.

एकेका आंदोलनाचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर इतकाच असतो. वर्णपटातील रेषांच्या डॉप्लर सरकण्यावरून, म्हणजे पृष्ठभाग आपल्याकडे वा आपल्यापासून दूर हलल्याने रेषांची जागा किंचित बदलते त्यावरून, तो मोजावा लागतो आणि त्यासाठी निरीक्षणात रात्रीचा खंड चालत नाही. म्हणून १९९५ मध्ये ‘गाँग’ हे सहा वेधशाळांचे जागतिक जाळे सुरू झाले. त्यांतील एक उदयपूरला आहे. तेथे पावसाळी ढग दाटले तरी इतर केंद्रे नोंद चालू ठेवतात. अवकाशातून ‘सोहो’ आणि २०१० पासून ‘एसडीओ’ या यानांनी हेच काम केले.

या मोजणीतून संवहन क्षेत्राचा, म्हणजे वायू खळखळून उष्णता वर नेतो त्या बाहेरच्या थराचा, तळ सूर्याच्या त्रिज्येच्या ०.७१३ पटीवर असल्याचे निश्चित झाले. गाभ्यातील अणुप्रक्रियांतून निघणारे न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण अपेक्षेपेक्षा कमी सापडत असल्याने सूर्याच्या प्रतिमानावरच (सैद्धांतिक मॉडेलवरच) संशय घेतला जात होता, तेव्हा हे प्रतिमान मूलतः बरोबर असल्याचा भक्कम पुरावा आंदोलनांनी दिला. न्यूट्रिनो वाटेत एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतात म्हणून ते कमी सापडत होते, हे पुढे ठरले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंटिया यांनी या प्रश्नावर काम केले.

परिवलनाचे निष्कर्ष अधिक धक्कादायक होते. विषुववृत्ताजवळ सुमारे २५ दिवसांत एक फेरी आणि ध्रुवांकडे त्याहून बरेच सावकाश, हे वायुगोलाचे वर्तन संवहन क्षेत्राच्या तळापर्यंत टिकते. त्याखालचा भाग जवळजवळ एकसंध फिरतो. दोहोंमधल्या पातळ थराला टॅकोक्लाइन म्हणतात. चुंबकीय क्षेत्र येथे ताणले जाऊन बळकट होते, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, तर काही जण त्याचा उगम पृष्ठभागालगतच्या थरात शोधतात. हा वाद मिटलेला नाही, आणि तो मिटल्यासारखा मांडणारी पाठ्यपुस्तके जरा घाईच करतात.

सौरचक्राची, म्हणजे सुमारे अकरा वर्षांनी सौरडाग वाढण्या-घटण्याच्या क्रमाची, छाप वारंवारतांवरही उमटते. सौरडाग वाढलेल्या काळात सुमारे ३,००० मायक्रोहर्ट्झच्या (हर्ट्झच्या दशलक्षांशात मोजलेल्या) लहरींची वारंवारता किमान काळापेक्षा साधारण ०.४ मायक्रोहर्ट्झने चढते. चुंबकीय प्रदेशातून परतणाऱ्या लहरीही काही सेकंद लवकर पोचतात. या फरकावरून सूर्याच्या पलीकडच्या, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवरील मोठे सक्रिय (तीव्र चुंबकीय क्षेत्राचे) प्रदेश २००० पासून टिपता येऊ लागले. ते परिवलनाने पृथ्वीसमोर येण्याआधीच त्यांची चाहूल लागते.