लुईझियानाच्या बायूंतील मत्स्यनमुन्यांच्या नोंदी : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्सजवळच्या बेल चॅस येथे, एकेकाळच्या दारूगोळ्याच्या कोठारांत टुलेन विद्यापीठाचा रॉयल डी. सटकस मत्स्यसंग्रह ठेवलेला आहे. सटकस १९५० साली टुलेनमध्ये रुजू झाले आणि त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढची अनेक दशके नद्या, क्रीक आणि बायूंत जाळी टाकून जे जमवले, त्यातून ७० लाखांहून अधिक माशांचा हा संग्रह उभा राहिला. ‘बायू’ हा शब्द मूळचा चोक्टॉ या अमेरिकेतील मूलनिवासी लोकांच्या भाषेतला. दलदलीतून अगदी संथ वाहणारा आणि किनाऱ्याजवळ भरतीच्या वेळी उलटही वाहणारा पाण्याचा फाटा म्हणजे बायू. कोकणातल्या वाचकाने खाडीचा आत शिरलेला फाटा डोळ्यांसमोर आणला तरी पुरे. या पाण्यातील माशांच्या नोंदी कशा पाहायच्या आणि प्रत्यक्ष नमुना हवा असल्यास अर्ज कसा करायचा, याविषयी मराठी विद्यार्थी वारंवार विचारतात, म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे.

पात्रतेबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की नोंदी पाहण्यासाठीही परवानगी लागते. तशी ती लागत नाही. संग्रहालयांच्या नोंदी ‘जीबीआयएफ’ या जागतिक जैवविविधता माहितीजालावर खुल्या असतात. शोध घेण्यासाठी खातेही लागत नाही, फक्त माहिती उतरवून घेताना मोफत नोंदणी करावी लागते. प्रत्येक उतरवणीला डीओआय, म्हणजे ती नेमकी ओळखता येईल असा एक कायमस्वरूपी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा, कारण शोधनिबंधात संदर्भ म्हणून तोच द्यावा लागतो. वापराच्या अटी प्रत्येक माहिती-संचानुसार बदलतात. काही संच पूर्ण मुक्त असतात, काहींत श्रेय देणे बंधनकारक असते आणि काहींत व्यावसायिक वापरास मनाई असते.

अर्ज करण्याआधी नोंद नीट वाचता येणे आवश्यक आहे, आणि माझ्या मते बहुतेक अर्ज इथेच कच्चे राहतात. एक नोंद म्हणजे एक मासा नव्हे. एका ठिकाणी, एका दिवशी, एका जातीचे जेवढे मासे मिळाले त्यांचा तो ‘लॉट’ असतो, आणि त्या एका लॉटमध्ये दोन मासे असतील किंवा दोनशेही. म्हणून नोंदींची संख्या मोजून माशांच्या विपुलतेविषयी निष्कर्ष काढू नये. नगसंख्येचा रकाना वेगळा पाहावा. समजा, ‘फंड्युलस ग्रँडिस’ या खाऱ्या दलदलीतल्या किलिफिशच्या एका जुन्या बरणीच्या लेबलावर ‘बायू लाकोम्ब, महामार्ग १९० च्या पुलापाशी, सेंट टॅमनी पॅरिश’ एवढेच लिहिले आहे. (लुईझियानात जिल्ह्यासारख्या विभागाला पॅरिश म्हणतात.) त्या काळी जीपीएस नव्हते, अक्षांश-रेखांश पुढे टुलेनमध्येच तयार झालेल्या ‘जिओलोकेट’ या प्रणालीने किंवा नकाशावरून बसवले गेलेले असतात आणि शेजारच्या रकान्यात त्या बिंदूची अनिश्चितता मीटरमध्ये दिलेली असते. हा आकडा ५,००० असेल, तर तो मासा गोड्या पाण्यात सापडला की मचूळ पाण्यात, हे त्या बिंदूवरून सांगता येणार नाही. एकाच नावाचे बायू निरनिराळ्या पॅरिशमध्ये असल्याने पॅरिशचा रकाना न पाहता नकाशा काढणे तर धोक्याचेच.

नावांचीही काळजी घ्यावी. अ‍ॅलिगेटर गार हा मासा जुन्या लेबलांवर ‘लेपिसॉस्टियस स्पॅट्युला’ या नावाने असतो, आजचे नाव ‘अ‍ॅट्रॅक्टॉस्टियस स्पॅट्युला’. दोन्ही नावांनी शोध घ्यावा. डासांच्या अळ्यांवर उपाय म्हणून भारतातही आणून सोडलेला गॅम्बुसिया हा मुळात याच पाण्यांतला मासा आहे, त्यामुळे आपल्याकडील विहिरी-तळ्यांतल्या गॅम्बुसियाची तुलना मूळ प्रदेशातल्या नमुन्यांशी करायची असेल, तर या नोंदी थेट उपयोगी पडतात.

नमुना उसना मागणे ही मात्र औपचारिक प्रक्रिया आहे. अमेरिकेतील संग्रहालयांचा सर्वसाधारण प्रघात असा, की नमुना व्यक्तीला नव्हे तर संस्थेला दिला जातो. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने अर्ज करून भागत नाही; मार्गदर्शकाची किंवा संस्थेतील संग्रहप्रमुखाची सही आणि जबाबदारी लागते. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर करावा. त्यात संशोधनाचा उद्देश, हव्या असलेल्या लॉटचे क्रमांक, प्रत्येक लॉटमधून हवी असलेली संख्या, अभ्यासाची पद्धत, नमुने कोठे व कसे ठेवले जातील आणि परतीची मुदत हे सर्व स्पष्ट असावे. ‘बायूंतील किलिफिशचे नमुने मिळावेत’ असे मोघम लिहिण्यापेक्षा आठ लॉटचे क्रमांक देऊन प्रत्येकी पाच मासे मागावेत. बरण्या शोधणाऱ्या माणसाचे कित्येक तास वाचतात आणि अर्जही लवकर मार्गी लागतो.

चिरफाड, ऊतीचा तुकडा काढणे किंवा हाडे रंगवण्यासाठी मासा पारदर्शक करणे यासाठी स्वतंत्र लेखी परवानगी लागते. नव्या जातीचे वर्णन ज्यावरून झाले ते प्रारूप नमुने सहसा बाहेर पाठवले जात नाहीत. त्यांची छायाचित्रे किंवा क्ष-किरण प्रतिमा मागाव्यात. फॉर्मलिनमध्ये स्थिर केलेल्या जुन्या माशांतून डीएनए मिळवणे कठीण असते, हे ध्यानात ठेवूनच ऊतीची मागणी करावी.

नमुना अमेरिकेबाहेर जाणार असेल, तर अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचा ३-१७७ क्रमांकाचा घोषणापत्राचा फॉर्म भरावा लागतो. स्टर्जन आणि पॅडलफिश हे मासे ‘साइट्स’ या, धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात असल्याने त्यांच्यासाठी वेगळी कागदपत्रे लागतात. पर्ल नदीतला गल्फ स्टर्जन तर १९९१ पासून अमेरिकी कायद्याने संरक्षित आहे. हवाई मार्गाने पाठवताना धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीच्या नियमांतील ए१८० ही विशेष तरतूद लागू होते. अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडात किंवा कागदात मासा गुंडाळून उष्णतेने बंद केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात, मोकळा द्रव ३० मिलिलिटरच्या वर जाऊ देत नाहीत, ती पिशवी शोषक पदार्थासह दुसऱ्या पिशवीत घालतात आणि संपूर्ण पेटीत एक लिटरहून अधिक ज्वलनशील द्रव ठेवत नाहीत. नमुने परत करतानाही हेच नियम पाळायचे असल्याने पॅकिंगचे साहित्य आधीच जमवून ठेवावे.

२०१० साली मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली, तेव्हा दलदलीतल्या किलिफिशवर झालेल्या परिणामांचा अभ्यास झाला. अशा वेळी गळतीपूर्वीचा मासा कसा होता हे दाखवणारी वस्तू म्हणजे जुनी बरणीच असते, म्हणून उसने घेतलेले नमुने मुदतीत परत करण्याबाबत मला विशेष आग्रह धरावासा वाटतो. परत करताना मूळ लेबल कधीही काढू नये. आपल्याला जातीची ओळख चुकीची वाटली, तर नवी चिठ्ठी टिकाऊ कागदावर, अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने, नाव व तारखेसह लिहून बरणीत जुन्या चिठ्ठीसोबत ठेवावी, आणि प्रसिद्ध झालेल्या निबंधात लॉटचे क्रमांक देऊन त्याची एक प्रत संग्रहाकडे पाठवावी.