नळी घेण्याआधी गोळी मोजा

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि कोल्हापुरात नेमबाजीची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. त्या चर्चेत एक समजूत हमखास ऐकू येते: नळी जेवढी लांब आणि आतले पेच जेवढे घट्ट, तेवढा नेम पक्का. आजच्या काडतुसाच्या रायफलीत या समजुतीने फारसं बिघडत नाही, कारण नळी आणि गोळीची जोडी कारखान्यातच जमवलेली असते. ठासणीच्या रायफलीत ती जोडी नेमबाजाला स्वतः जमवावी लागते.

काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुकांच्याही जागतिक स्पर्धा होतात. ३० मिनिटांत १३ बार काढायचे, त्यातले उत्तम १० मोजायचे. प्रत्येक बाराला तोंडातून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. (ठासणीच्या बंदुकीलाही आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. लेथवर नळी ओढून बघण्याचा विचार डोक्यातून काढून टाका.)

नळीच्या आत कोरलेल्या तिरक्या खाचा गोळीला गिरकी देतात. एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो, तो ट्विस्ट. २० इंचांत एक फेरा म्हणजे घट्ट, ७० इंचांत एक म्हणजे सैल. गिरकी कशासाठी, हे भोवऱ्यावरून कळतं. फिरणारा भोवरा आरीवर उभा राहतो, मंदावला की डुलतो आणि पडतो. भोवऱ्याला गुरुत्वाकर्षण पाडतं, गोळीला हवा. लांबट गोळीवर हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो आणि नाक उलथवायला बघतो. गोळी जितकी लांब, तितकी ही तरफ मोठी आणि तितकी जास्त गिरकी लागणार.

मग दारू वाढवून वेग वाढवला, तर गिरकीही वाढेल आणि सैल ट्विस्ट चालून जाईल? नाही. या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच आहे. वेग दुप्पट केला की गिरकी दुप्पट होते, आणि गोळीला सावरण्याची ताकद गिरकीच्या वर्गाने, म्हणजे चौपट वाढते. पण हवेचा उलथवणारा जोरही वेगाच्या वर्गानेच वाढतो, तोही चौपट! दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि वेग गणितातून जवळजवळ बाहेर पडतो. उरतात फक्त गोळीची जाडी, लांबी आणि ट्विस्ट. लंडनच्या वूलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचं सोपं सूत्र दिलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, लांबीने भागा; उत्तर येतो तो ट्विस्ट. सगळं इंचांत.

०.४५ इंच व्यासाची, १.३ इंच लांब शिशाची गोळी घ्या. उत्तर येतं सुमारे २३. जोसेफ व्हिटवर्थ यांनी आपल्या ०.४५१ इंची षट्कोनी नळीला २० इंचांचा ट्विस्ट दिला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) म्हणून ज्यांचे आटे आजही पाडले जातात, तेच हे व्हिटवर्थ. आता ०.५० ची गोल गोळी घ्या. तिची लांबी म्हणजे व्यासच, म्हणून उत्तर ७५. गोल गोळीच्या नळ्या ६६ ते ७२ इंचांच्या ट्विस्टच्या मिळतात, त्या उगीच नाही. १८५७ च्या काडतुसांमुळे शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या एनफील्डचा ट्विस्ट ७८ आहे, सूत्र मात्र ५० च्या आसपास सांगतं. तिथे गोळीचा तळ पोकळ असतो, वजन नाकाकडे सरकतं आणि तरफ आखूड होते.

बरं, सगळ्यांनाच घट्ट ट्विस्ट दिला तर? ओतीव शिशात बुडबुडा राहिला आणि गुरुत्वमध्य अक्षापासून १० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाइतका सरकला असं समजा. नळीत तो मध्य गोल फिरत असतो. तोंडातून सुटताच स्पर्शरेषेने बाजूला निघतो. २० इंचांच्या ट्विस्टमध्ये १०० मीटरवर १२ मिलिमीटरची चूक होते, ६६ इंचांच्या ट्विस्टमध्ये चारहून कमी. गरजेपेक्षा जास्त गिरकी ओतकामातला प्रत्येक दोष मोठा करून दाखवते. शिवाय गोल गोळी कापडाच्या चिंधीत गुंडाळून ठासतात; ती खाचांना चिंधीतून आणि एका अरुंद पट्ट्यावरच धरते. घट्ट ट्विस्टमध्ये दारू जास्त झाली की ती खाचा सोडून सरळ घसरते.

खाचांची खोलीही गोळीच ठरवते. चिंधीच्या गोल गोळीला १० ते १२ थाउ (इंचाचा हजारावा भाग), लांबट गोळीला ४ ते ६. नळीच्या लांबीचं म्हणाल तर ३० ते ३४ इंच पुरे. त्यापुढे नेम धरायच्या दोन माश्यांमधलं अंतर वाढतं, पण नळीचा ताठपणा लांबीच्या घनाने कमी होतो. पोलाद ईएन-१९ च्या जातीचं असावं. काही कारखाने शिसं मिसळलेलं ईएन-१ए वापरतात. ते कापायला गोड असतं, पण स्पर्धेच्या नळीला मी ते सुचवणार नाही. प्रूफचा, म्हणजे नळी जादा दाबाने तपासल्याचा शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि या नळीत आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू कधीही, चिमूटभरसुद्धा नाही.

घेताना शुद्ध शिशाचा तेल लावलेला गोळा तोंडातून हळूहळू ढकला. सगळीकडे सारखा जड गेला पाहिजे. मध्येच सैल पडला तर नळी परत द्या. गोळा बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजा. खाचांची संख्या विषम असेल तर समोरासमोर खाच नसते, तेव्हा माप फसवं येतं.

अमुक नळी ‘लागते’, तमुक नळी अपशकुनी, असंही ऐकू येतं. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण ओलं हळदकुंकू नळीवर ठेवू नका. शकुन-अपशकुनाचं खरं कारण बहुतेक वेळा तोंडाच्या कडेला असतं. गज वाकडा घासून ती कड एका बाजूने झिजली की धूर त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो.

नळी आणि गोळीची जोडी जमली की नाही, याचा पुरावा चिंधी देते. ०.५० च्या नळीत ४९० थाउची गोळी आणि १५ थाउचं घट्ट विणीचं सुती कापड वापरा. गादीच्या खोळीचं कापड उत्तम, टेरिकॉट वितळतं. बार झाल्यावर आठ-दहा पावलांवर पडलेली चिंधी उचला. मध्ये गोल काळा डाग आणि भोवती खाचांचे सारखे ठसे असतील तर जोडी जमली. मधोमध जळालेली असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी पडलं. खाचांच्या रेषेवर कापलेली असेल तर आतल्या कडा धारदार आहेत. बहुतेक नव्या नळ्यांत हे होतं आणि शंभरेक बारांनी त्या मऊ होतात.

काळ्या दारूच्या निम्म्याहून जास्त वजनाची जळल्यावर घन राख होते; काही धुरातून निघून जाते, बाकीची नळीत उरते. त्यातलं पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी ही राख दगडासारखी घट्ट होते, म्हणून दर बाराला ओली चिंधी फिरवा. जुलैच्या पावसात ती चिकट राहते, पण एका रात्रीत नळी गंजवते. त्याच संध्याकाळी कढत पाणी, मग कोरडी चिंधी, आणि नळी गरम असतानाच तेलाचा हात.