'बिकॉज'ने वाक्य सुरू केलं तर?

दाभोळला जेटीजवळ काकूंची खानावळ आहे. परवा त्यांनी पाहुण्यांसाठी फळ्यावर लिहिलं, 'बिकॉज द सी इज रफ, देअर इज नो फेरी टुडे.' भाच्याने लगेच 'बिकॉज' पुसलं. म्हणे, अँड, बट, बिकॉजने इंग्रजी वाक्य सुरू करायचं नसतं!

असा नियमच नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्याच अध्यायात ३१ पैकी २९ वचनं 'अँड'ने सुरू होतात. मुलं नुसतं 'बिकॉज इट रेन्ड' लिहून पूर्णविराम देतात, ते मात्र अर्धवट. त्यावर उपाय म्हणून बहुधा शब्दावरच बंदी आली. काटा लागतो म्हणून बांगडाच नको, तसं! काकूंच्या स्वल्पविरामापुढे मुख्य वाक्य आहे की.

ओळीओळीला 'अँड' आला तर कंटाळा येतो, एवढंच.