चॅटबॉट संवादाचे लॉग

चॅटबॉटला माणसाने काय विचारलं, बॉटने काय उत्तर दिलं आणि मधल्या वेळात सिस्टीमच्या आत काय काय घडलं याची वेळेसकट आपोआप होणारी नोंद म्हणजे संवादाचा लॉग. बिघाड शोधायला याला पर्याय नाही, कारण एलएलएमवर, म्हणजे मजकूर तयार करणाऱ्या मोठ्या एआय मॉडेलवर चालणारा बॉट तोच प्रश्न परत विचारला तरी तेच उत्तर देईल याची खात्री नसते, त्यामुळं तक्रार आली की "परत करून दाखवा" म्हणून भागत नाही.

समजा सांगली मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाने व्हॉट्सअ‍ॅपवर बॉट लावलाय, मिरज तालुक्यातल्या शेतकऱ्याने दुपारी ३ वाजता राजापुरी हळदीचा आजचा दर विचारला आणि बॉटने कालच्या सौद्यातला दर सांगून टाकला. नुसते प्रश्न-उत्तर साठवले असतील तर चूक दिसते, पण ती कुठं झाली ते कळत नाही. पूर्ण लॉग असेल तर दिसतं की प्रश्न बरोबर समजला होता, दर देणाऱ्या सर्व्हरकडं विचारणाही गेली होती, पण तिकडून वेळेत उत्तरच आलं नाही, टाईमआऊट झाला, आणि बॉटने साठवलेला जुना दर उचलून दिला. म्हणजे इथं मॉडेल बदलून काही होणार नाही, जुना दर देताना त्याची तारीख सांगायची सोय करायला पाहिजे.

म्हणून प्रत्येक नोंदीत सेशन आयडी (त्या एका संवादाचा ओळख क्रमांक), मॉडेलचं व्हर्जन, त्याला दिलेल्या सूचना, लागलेला वेळ आणि एरर हे सगळं हवंच. बरेच सर्व्हर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, म्हणून वरचा दुपारी ३ चा प्रश्न लॉगमध्ये सकाळी ९:३० ला शोधावा लागतो. डेटाबेस युनिकोडला (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) सेट नसेल तर मराठी मेसेजच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात, मग तो लॉग असून नसल्यासारखा.

लोक चॅटवर आधार नंबर, पासबुकचा फोटो बिनधास्त टाकतात, विश्वासानं टाकतात. त्यामुळं आधारचे १२ आकडे लॉगमध्ये लिहिण्याआधीच झाकले पाहिजेत, नंतर पुसू म्हटलं तर तोवर बॅकअपमध्ये कॉपी गेलेली असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की काम संपल्यावर लोकांची माहिती काढून टाका, म्हणून तांत्रिक नोंदी आणि माणसाचं बोलणं वेगवेगळं साठवलेलं बरं.